हौदबागेचा हौद

"या ताईसाब, हितं बसा," म्हणत हिंदुरावनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि बाक खसाखसा पुसला. एका टोकाला पाखराची शीट वाळली होती, ती नखानं खरवडून काढली. वर फुंकरही मारली.

मी शेजारच्याच बाकावर बसलो होतो. तो पुसलेला नव्हता.

अकरा वर्षं रोज सकाळी शाळेच्या आधी मी हौदबागेत येत होतो. हिंदुराव तिथला मुकादम माळी. इतक्या वर्षांत आमचं चांगलं जमलं होतं, निदान मी तसं समजत होतो. पण माझ्यासाठी त्यानं कधी टॉवेलचं टोकसुद्धा झटकलं नव्हतं. आणि ही मुलगी बागेत पाऊल टाकून अजून दहा मिनिटं झाली नव्हती.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं झाली. माझी सत्तरी उलटली, हिंदुराव जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी तो बाक मी अजून विसरलेलो नाही. माणूस किती क्षुल्लक गोष्टीवरून पेटतो ते कळावं म्हणून आधी तोच सांगितला.

मी हायस्कुलात चित्रकला शिकवायचो. गावात मला हुपरीकर सर म्हणत, हिंदुराव नुसता मास्तर म्हणायचा. चित्रकलेच्या मास्तराला शाळेत कोणी विचारत नाही, परीक्षा जवळ आली की त्याचा तास गणितवाले मागून नेतात. त्यामुळे आपलं स्वतःचं असं काहीतरी मला हवं होतं आणि ते मला या बागेत सापडलं होतं. संस्थानिकांनी त्या वेळच्या पंचाहत्तर वर्षं आधी राजवाड्यासमोर आखलेली ही बाग. गावातल्या निम्म्या लग्नांची बोलणी तिच्या हिरवळीवर झाली होती आणि त्यातल्या बऱ्याच जोडप्यांची भांडणंही तिथंच मिटली होती. मी तिचा इतिहास लिहिणार होतो. बायकोच्या शिवणाची टेप पळवून प्रत्येक झाडाचा घेर मोजला होता. दप्तरखान्यात बसून संस्थानचे कागद उतरवून घेतले होते. चौदा वह्या भरल्या होत्या. पुस्तकाचं पहिलं पान तेवढं लिहायचं राहिलं होतं.

बागेचं एक कोडं होतं. नाव हौदबाग, पण आत हौद कुठंच नाही. कारंज्याचा मोठा दगडी हौद होता आणि हिवतापाच्या साथीत डास होतात म्हणून तो बुजवला, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नेमका कुठं होता ते कोणालाच सांगता येत नव्हतं. मला येत होतं. सात वर्षांपूर्वी मी ते शोधून काढलं होतं आणि कोणापाशी अवाक्षर काढलं नव्हतं, बायकोपाशीसुद्धा नाही. ते माझ्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण होतं.

आणि आता बागेचा अमृतमहोत्सव आला म्हणून नगरपालिकेला इतिहासाचा पुळका आला होता. बागेवर पुस्तक काढायचं, हौद शोधून पुन्हा बांधायचा, असा ठराव झाला. त्यासाठी पुण्याहून उद्यानरचना शिकलेली एक सत्तावीस वर्षांची मुलगी बोलावली गेली, चारुता सबनीस. मला कोणी साधं विचारलंही नाही. मला ते वर्तमानपत्रात कळलं.

ती बाकावर बसली नाही. पुसलेला बाक तसाच सोडून माझ्यापाशी आली आणि वाकून नमस्कार केला.

"तुम्ही हुपरीकर सर ना? मला सगळ्यांनी सांगितलं, बागेबद्दल विचारायचं तर तुम्हालाच."

"सगळ्यांनी म्हणजे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"नगराध्यक्षांनी, दप्तरखान्यातल्या काकांनी. आणि मला अहो नका म्हणू, सर. मी तुमच्या विद्यार्थिनीसारखी."

"बरं," मी म्हणालो. "तुम्हाला काय माहिती हवी आहे?"

तिनं अहोजाहोकडे लक्ष दिलं नाही. निदान दाखवलं नाही.

चार दिवसांत तिनं बाग ताब्यात घेतली. दुपारच्या उन्हात हिंदुरावबरोबर आळ्यांतून हिंडायची, जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी मातीत मांडी घालून त्याचीच भाकरी आणि ठेचा खायची. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं की हिंदुराव हसायचा. मी त्याला हसताना फारसा पाहिला नव्हता.

पाचव्या दिवशी ती धावतच आली.

"सर, तुम्हाला माहीत होतं? ईशान्य कोपऱ्यातला कैलासपती हिंदुरावांच्या आजोबांनी लावलाय!"

कैलासपतीचं ते झाड गावाचं लाडकं. खोडालाच फुलं येतात, आणि फुलात पिंडीवर नागानं फणा धरल्याचा भास होतो. सोमवारी बायका पहाटेपासून फुलांसाठी रांग लावायच्या. मी त्याचा घेर तीनदा मोजला होता, त्याचं चित्रही काढलं होतं. लावलं कोणी, ते मला माहीत नव्हतं.

ती गेल्यावर मी हिंदुरावला गाठलं. "काय रे, तुझा आजा या बागेत होता?"

"व्हता की. म्हाराजांच्या वक्ताला. माझा बा लहान हुता तवाच गेला."

"मग अकरा वर्षांत मला कधी बोलला नाहीस?"

"तुमी कवा इचारलासा, मास्तर?" तो सहज म्हणाला. "तुमी झाडाचं इचारायचासा, मी झाडाचं सांगायचो."

त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या रात्री जेवताना मी शालिनीला, माझ्या बायकोला, म्हणालो की आजकालच्या पोरींना माणसांना गोड बोलून कसं काढून घ्यायचं ते बरोबर कळतं.

"अहो, सवत आल्यासारखे काय करताय?" ती म्हणाली. "बाग काही तुमच्या नावावर नाही. आणि पुस्तक लिहायला तुम्हाला अकरा वर्षांत कोणी हात धरला होता का?"

मी आमटीत भात कालवत राहिलो. तिचं खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

पुढच्या रविवारी चारुता घरी आली. शालिनीनं भडंग आणि चहा पुढं केला आणि स्वतःही ऐकायला बसली. चारुतानं पिशवीतून गुंडाळी काढून टेबलावर उलगडली. दप्तरखान्यातल्या जुन्या नकाशाची नक्कल होती. मूळ नकाशा मी शंभर वेळा पाहिला होता. संस्थानच्या अमिनानं, म्हणजे मोजणीदारानं, काढलेला, मोडीत नावं घातलेला, खालची पट्टी फाटून गेलेला. उत्तर दाखवणारा बाण त्यावर नव्हता.

"सर, मला मोडी येत नाही. पण दप्तरखान्यातल्या काकांनी वाचून दिलं. हा बघा, वर उजवीकडं हौद आहे." तिनं त्या छोट्या चौकोनावर बोट ठेवलं. "वर म्हणजे उत्तर. म्हणजे हौद ईशान्येला. वाटाही सगळ्या तंतोतंत बसतात. मी जागेवर जाऊन ताडून पाहिलं."

वाटा बसणारच होत्या. ती बाग अशी आखली होती की मध्ये गोल, चार बाजूंना चार सारखे चौक. नकाशा उलटा धरला तरी वाटांवर वाटा बसतात. न बसणारी एकच गोष्ट त्या कागदावर होती, तो हौद.

आणि तो नकाशा उलटाच होता. अमीन राजवाड्याच्या सज्जात बसून नकाशे काढायचा. राजवाडा त्याच्या पायाशी, म्हणून तो कागदाच्या खालच्या कडेला. बाग समोर पसरलेली. राजवाडा बागेच्या उत्तरेला आहे, तेव्हा कागदाचं वरचं टोक म्हणजे दक्षिण. राजवाडा दाखवणारी खालची पट्टीच फाटली होती, त्यामुळे पाहणाऱ्याला ते कळायला वाव नव्हता. मला ते त्या अमिनाच्या दुसऱ्या नकाशांवरून कळलं होतं. मग एका वैशाखात पाहिलं, की साऱ्या बागेतलं गवत करपलेलं असताना नैर्ऋत्य कोपऱ्यात, घसरगुंडीच्या मागं, एक चौकोन हिरवा होता. तिथं हातभर उकरलं तर चुन्यात बसवलेला दगड लागला. मी तो पुन्हा मातीनं झाकला होता.

"शिवाय ईशान्येला पाणी," चारुता पुढं म्हणाली. "नगराध्यक्षांना तर हे फारच पटलं. म्हणाले, वास्तुशास्त्रातही हेच सांगितलंय. महाराज हौद दुसरीकडे कशाला काढतील? आणि कैलासपती तिथंच आहे. हौद बुजवल्यावर ओलीच्या जागी हिंदुरावांच्या आजोबांनी ते झाड लावलं असणार. सगळं जुळतंय ना, सर? पण तुम्ही हो म्हणाल्याशिवाय मी पुढं जाणार नाही."

ती माझ्याकडं बघत होती. त्या नजरेत खरोखर आदर होता, हे मी आज कबूल करतो. त्या क्षणी मला मात्र निराळंच दिसत होतं. वर्तमानपत्रात हिचा फोटो, हिचं पुस्तक, नगराध्यक्षांचं भाषण. आणि मग खोदल्यावर रिकामा खड्डा, सगळ्या गावासमोर. आणि मग मी पुढं होऊन सांगणार, अहो, हौद तर तिकडं आहे.

"बसतं," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"बसतं की."

एवढंच बोललो. नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला सांगत होतो की मी खोटं बोललो नाही. वाटा बसत होत्या, वास्तुशास्त्रातही बसत होतं. तिनं आनंदानं भडंगाची मूठ तोंडात टाकली आणि शालिनी तिला म्हणाली, "घे गं, आणखी घे. यांची परवानगी मिळाली म्हणजे मोठं काम झालं."

चैत्रात कैलासपतीपासून आठ फुटांवर नारळ फुटला. नगराध्यक्षांनी पहिली कुदळ मारली, वाजंत्री वाजली. हिंदुराव झाडाच्या बुंध्याला हात लावून उभा होता. कार्यक्रम आटोपल्यावर तो चारुतापाशी गेला.

"ताईसाब, मुळास्नी धक्का बसंल. ह्या झाडाची मुळं लांब जात्यात."

"हातानंच खणणार आहोत, हिंदुराव. मूळ दिसलं की थांबायचं. मी स्वतः उभी राहीन."

त्याचं समाधान झालं नाही. तो माझ्याकडं वळला. "मास्तर, तुमी सांगा की. तुमचं ऐकत्यात त्या."

ती दहा पावलांवर होती. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"त्या शिकून आल्यात, हिंदुराव," मी म्हणालो. "त्यांना कळतं."

पहिले दोन दिवस मजुरांनी हातानं खणलं. चार फुटांवर काही लागलं नाही, सहा फुटांवरही नाही. चारुता काळजीत पडली, पण हौद आणखी सरकून असेल म्हणून चर झाडाच्या बाजूनं लांबवत नेला. मी रोज सकाळी जाऊन बघायचो. मला वाटलं होतं मजा येईल. आली नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. पहिले दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी तिचा उतरलेला चेहरा पाहून मी ठरवलं की आज शाळा सुटल्यावर सांगून टाकायचं. शाळा सुटल्यावर गेलो, तर हिंदुराव तिला पाण्याचा तांब्या देत होता आणि म्हणत होता, "सापडंल ताईसाब, देवाला काळजी." मी फाटकातूनच परत फिरलो.

मग तिला कामासाठी दोन दिवस पुण्याला जावं लागलं. अमृतमहोत्सवाची तारीख जवळ आली म्हणून नगरपालिकेतल्या कोणीतरी घाई केली, आणि ती नसताना चरात खोदाईचं मशीन उतरवलं. मी दुपारी गेलो तेव्हा झाडाच्या एका बाजूची मांडीएवढी मुळं तुटून चराच्या भिंतीतून बाहेर आली होती. हिंदुराव मशीनपुढं आडवा झाला होता, म्हणून ते थांबलं होतं. त्यानं तुटलेल्या मुळांना शेणमाती थापली, वर ओली पोती बांधली. मी त्याला पोती धरायला मदत केली.

वैशाखातल्या एका दुपारी वावटळ सुटली आणि कैलासपती पडला. सुट्टीचे दिवस होते, मी घरीच होतो. झाड सरळ तुटलेल्या मुळांच्या उलट्या बाजूला, कुंपणावर पडलं. कोणाला इजा झाली नाही. बातमी ऐकून मी पोचलो तेव्हा माणसं जमली होती. पडलेल्या खोडावर फुलं तशीच ताजी होती. बायका ती वेचत होत्या आणि डोळे पुसत होत्या. हिंदुराव खोडाजवळ उकिडवा बसला होता. कोणीतरी त्याला उठवायला गेलं तर म्हणाला, "बसू द्या वाईच."

दुसऱ्या आठवड्यात नगरपालिकेच्या सभागृहात बैठक झाली. मला निमंत्रण होतं. जाणकार नागरिक म्हणून. अकरा वर्षांत पहिल्यांदा मला त्या सभागृहात खुर्ची मिळाली.

नगराध्यक्ष चिडलेले होते. वर्तमानपत्रांनी त्यांना झोडपलं होतं. "सबनीसबाई, हौद नाही, झाडही गेलं. नकाशा कोणी वाचला?"

"मी वाचला," चारुता उभी राहून म्हणाली. "चूक माझी आहे. मी त्याच्यावरच विसंबून राहिले, दुसरा पुरावा शोधला नाही."

"गावातल्या जाणकारांना दाखवला नाही?"

ती एकदाही माझ्याकडं वळली नाही.

"दाखवला होता. पण निर्णय माझा होता. दुसऱ्या कोणाचा संबंध नाही."

मला हायसं वाटलं. आधी हायसंच वाटलं, लाज मागाहून आली. ती बैठकीतून एकटीच बाहेर पडली. मी ज्याची वाट बघत होतो तो क्षण हाच होता. हिची फजिती झाली होती, सगळ्यांसमोर, आणि आता फक्त पुढं होऊन हौदाची जागा सांगायची होती. मला ते जमलं नाही.

घरी येऊन मी शालिनीला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच.

"मी तिला त्या दिवशी भडंग वाढत होते," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिच्यासमोर बसून... जा. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा तिला. नाहीतर मला तोंड दाखवू नका."

चारुता स्टँडजवळच्या लॉजमध्ये उतरली होती. दार उघडंच होतं, ती बॅग भरत होती. मला बघून तिनं खुर्चीवरचे कपडे उचलले. "बसा ना, सर. तुम्ही आलात, बरं वाटलं."

मी बसलो नाही. हौदाची नोंद असलेली नववी वही उघडून तिच्यापुढं धरली.

"हौद नैर्ऋत्येला आहे," मी म्हणालो. "घसरगुंडीच्या मागं. तो नकाशा उलटा आहे. मला सात वर्षांपासून माहीत होतं."

तिनं वही घेतली, खिडकीपाशी नेली आणि उभ्यानंच वाचली. एकदा वाचली, मग पुन्हा वरून वाचली. बाहेर कंडक्टर निपाणी, निपाणी म्हणून ओरडत होता.

"म्हणजे मी तुमच्या घरी आले होते तेव्हा..."

"हो."

"तुम्ही 'बसतं' म्हणालात."

"हो."

"का, सर?"

मी वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. "तुझं पुस्तक होणार होतं," मी म्हणालो. "माझं होत नव्हतं. मला बघवलं नाही."

ती पलंगाच्या कडेवर बसली. रडेल असं मला वाटलं, पण ती रडली नाही. "मला वाटलं, तुमचीही माझ्यासारखीच चूक झाली," ती म्हणाली. "म्हणून मी तिथं तुमचं नाव घेतलं नाही. उगाच अकरा वर्षांच्या कामाला बट्टा नको म्हणून."



"मी उद्या नगराध्यक्षांना सांगतो," मी म्हणालो. "सगळं."

"हौदाची जागा सांगा. बाकीचं तुमचं तुम्ही ठरवा." तिनं वही मिटली, पण परत दिली नाही. "किती वह्या आहेत?"

"चौदा."

"सगळ्या द्या मला. पुस्तकाचं काम अजून माझ्याकडं आहे, नगरपालिकेनं काढून घेतलेलं नाही. तुमचं काम त्यात यायला हवं. पण मी त्यातलं काही गाळणार नाही हं, सर. जसं आहे तसं छापीन."

"गाळू नकोस," मी म्हणालो. तिच्या मोठ्या मनानं मी तेव्हा इतका विरघळलो होतो की ती काय म्हणतेय ते माझ्या डोक्यातच शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नगराध्यक्षांना हौदाची जागा सांगितली. फक्त जागा. वह्या पुन्हा चाळताना लक्षात आलं, असं म्हणालो. नैर्ऋत्येला खणलं आणि दीड फुटावर हौदाची कड लागली. काळ्या दगडाचा, चौकोनी, मध्ये कारंज्याची नळी अजून शाबूत. गाव लोटलं. माझा फोटो वर्तमानपत्रात आला. लोक रस्त्यात थांबवून हात मिळवू लागले. शालिनीनं ते कात्रण कापलं नाही, मीच कापून ठेवलं.

मार्गशीर्षात हौदाशेजारी मांडव घालून पुस्तकाचं प्रकाशन झालं. कारंजं उडत होतं. कागद सोडवून नगराध्यक्षांनी पुस्तक उंच धरलं आणि मला मुखपृष्ठ दिसलं. दोन नावं होती. वर भालचंद्र हुपरीकर, खाली चारुता सबनीस. मला शाल मिळाली, नारळ मिळाला. चारुता भाषणात म्हणाली, "हौदाची जागा हुपरीकर सरांनी सात वर्षांपूर्वीच शोधली होती. त्यांच्या वहीचं ते पान आम्ही जसंच्या तसं छापलं आहे. सर्वांनी जरूर पाहावं." टाळ्यांचा कडकडाट झाला. ती माझ्याकडं बघून हसली नाही, रागावलीही नाही. भाषण संपवून जागेवर जाऊन बसली.

मी घाईनं ते पान उघडलं. पान एकशे बारा. माझं टपोरं अक्षर, चित्रकलेच्या मास्तराचं, दुरूनसुद्धा वाचता येईल असं. '१७ मे १९९२. हौद नैर्ऋत्य कोपऱ्यात. खात्री झाली. कोणाला सांगायचे नाही.' खाली मीच काढलेला हौदाचा नकाशा, बाण घातलेला.

मांडवात दोनशे माणसं होती. कितीतरी जणांच्या हातात ते पान उघडं होतं. कोणाच्या कपाळावर आठी पडली नाही. हेडमास्तरांनी पाठ थोपटली. नगराध्यक्ष म्हणाले, "बघा, ब्याण्णवातच माहीत होतं सरांना! याला म्हणतात अभ्यास!" मी मान डोलावली. वाटलं, कोणी हिशेब करणार नाही. सुटलो.

गर्दी पांगली तेव्हा मागच्या रांगेत हिंदुराव एकटाच बसलेला दिसला. माळ्यांनाही एकेक प्रत दिली होती. तो चौथीपर्यंत शिकलेला. पुस्तक मांडीवर घेऊन तर्जनी एकेका अक्षराखाली सरकवत होता. मी जवळ जाऊन उभा राहिलो. कोणतं पान होतं ते लांबूनच कळलं होतं.

"कोणाला... सांगायचे... नाही," त्यानं वाचलं. मग बोट वर नेऊन तारखेवर ठेवलं. "मास्तर, हे साल न्हवं का? ब्याण्णव?"

"हो."

"आन झाड औंदा पडलं."

"हो, हिंदुराव."

तो थोडा वेळ त्या पानाकडं बघत राहिला. मला वाटलं ओरडेल, शिव्या देईल. मला ते हवं होतं.

"मी तुमाला म्हनलो हुतो," तो हळू म्हणाला, "तुमी सांगा की."

त्यानं पुस्तक मिटलं, उठला आणि ते माझ्या हातात दिलं.

"घ्या. तुमचंच हाय," तो म्हणाला आणि मांडवातल्या खुर्च्या गोळा करायला निघून गेला.